मुलामा होता, मग चांदी काळी का पडली?

गौरी-गणपती उरकले की माझ्याकडे येणाऱ्या टपालाचा रंग ठरलेला असतो. काळा. वर्षभर कपाटात बांधून ठेवलेली चांदी बाहेर निघते, कुणाची तपकिरी झालेली असते, कुणाची शाईत बुडवल्यासारखी, आणि मग पत्रं सुरू होतात. यंदा बहुतेकांची तक्रार एकाच वळणाची आहे: "वरून थर दिलेला होता, तरीही." म्हणून या वेळी फक्त थरांवरचीच पत्रं घेतली. काही उत्तरं लांबलीत, एक अगदी तोकडं आहे. ज्याला जितकं लागतं तितकंच लिहिलंय.

हे सदर नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. माझं माहेर हुपरीचं, कोल्हापूरजवळचं, चांदीवाल्यांचं गाव. वडील पैंजणांचे कारागीर. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि पुढची ३१ वर्षं भोसरीत प्लेटिंगच्या, म्हणजे विजेनं धातूचा मुलामा चढवायच्या, टाक्यांपाशी काढली. एवढंच भांडवल.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी ९२५ चांदीचं निरांजन आणि कुंकवाचा करंडा घेतला. रोडियमचा मुलामा आहे, कधीच काळं पडणार नाही, असं दुकानात सांगितलं होतं. आता करंड्याच्या झाकणाच्या कडेला आणि नक्षीच्या उंच भागावर काळ्या रेघा आल्यात. आमची फसवणूक झाली का? (एक वाचक भगिनी, सांगली)

फसवणूक म्हणणार नाही. अर्धंच सांगितलं, असं म्हणेन.

रोडियम काळा पडत नाही हे खरं आहे. प्लॅटिनमच्या कुळातला धातू, गंधकाला घरच्या हवेत दाद देत नाही. पण तुमच्या करंड्यावर तो किती आहे? अशा कामात साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे दोनशेहून जास्त थर बसतील. रोडियम सोन्याच्या तोडीचा किंवा त्याहून महाग, त्यामुळे कुणीही तो सढळ हातानं चढवत नाही. आम्हीही नाही चढवला कधी.

आता खाली काय चालतं ते बघा. चांदीला ऑक्सिजनचं फारसं काही नसतं. लोखंडासारखी ती गंजत नाही. तिची ओढ गंधकाकडे. गटारं, साचलेला चिखल, साखर कारखान्याच्या बाजूला डिस्टिलरीचं साठवलेलं स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी), उकडलेलं अंडं, सगळीकडून हायड्रोजन सल्फाइड थोडाथोडा हवेत येत असतो. चांदीला तो इतका कमी पुरतो की आपल्या नाकाला पत्ताही लागत नाही. हवेतली ओल, ऑक्सिजन आणि हा वायू मिळून पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट-निळी झाक, शेवटी काळं. हे मधले रंग म्हणजे निरनिराळे पदार्थ नव्हेत. पदार्थ एकच, थर जाड होत जातो तसा प्रकाश वेगळा परततो. रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात तसंच. म्हणून चांदी पिवळी दिसली की लगेच हात लावा, काळी होईपर्यंत थांबू नका. पिवळेपणी पुसून जातं.

तुमच्या ९२५ मध्ये हजारात ७५ भाग दुसरा धातू आहे, बहुधा तांबं. तांब्यालाही गंधक आवडतं. म्हणजे आत दोन गिऱ्हाईकं बसलेली आहेत आणि दारात रोडियमचा पातळ पडदा.

हा पडदा दोन ठिकाणी फाटतो. एक, जिथे बोट लागतं. करंड्याचं झाकण रोज उघडता, कडा कडेवर घासते. नक्षीचा उंच भाग पुसताना फडक्याखाली आधी येतो. तुम्ही लिहिलेल्या जागा तंतोतंत त्याच आहेत. दुसरं, जिथे पडदा मुळातच विणलेला नसतो. इतका पातळ थर डोळ्याला आरशासारखा दिसला तरी प्लेटिंगवाल्याच्या लेखी ती चाळण असते. खाली पॉलिशचा मेणकट कण राहिला, धुण्यात कमी पडलं, की तिथे सूक्ष्म छिद्र राहतं. गंधक त्या छिद्रातून खाली पोचतं, आणि गंमत पुढे आहे: तयार झालेलं सल्फाइड तिथेच गपगुमान बसत नाही. ते छिद्रातून वर येऊन चकचकीत थराच्या अंगावर पसरतं. बघणाऱ्याला वाटतं रोडियमच काळा पडला. सोन्याच्या पातळ मुलाम्यावरही हेच होतं. म्हणून चांगला प्लेटिंगवाला वरचा थर देण्याआधी मध्ये निकेल किंवा पॅलेडियमचा एक थर देतो. खालच्या धातूला वर येऊ न देणं हे त्याचं काम. दुकानात "रोडियम आहे का" विचारण्यापेक्षा "खाली काय दिलंय" विचारून बघा. निम्मे सेल्समन तिथेच आत कुणाला तरी विचारायला जातील.

एक जुनी गोष्ट सांगते. एका वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्याकडून गेलेला पैंजणांचा एक लॉट परत आला. प्रत्येक जोडावर, बरोबर मधोमध, तपकिरी काळपट पट्टा. बाकी पैंजण लख्ख. टाकी तपासली, करंट तपासला, पाणी तपासलं, दोन दिवस एकमेकांवर खापर फोडून झालं. शेवटी पॅकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या मावशींनी एक जोड हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो मॅडम, इथंच तर मी रबर लावते." रबरबँड! रबर टणक आणि लवचीक व्हावं म्हणून त्यात गंधक घालूनच ते शिजवतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळी दमट हवेत, रबर पंधरा दिवस चांदीला बिलगून बसलं होतं. मुलाम्याच्या बारीक छिद्रांना तेवढं पुष्कळ. त्या दिवसापासून आमच्याकडे पॅकिंगला सुती दोरा आला. हुपरीला फोनवर सांगितलं तर वडील हसले, "पोरी, हे मला इचारायचं हुतंस की. चांदीजवळ रबर आन् लोकर कोण ठेवतंय?" लोकरीचंही खरं. लोकर, केस, पिसं यांच्या प्रथिनांत गंधक असतं. देवाची चांदी शालीत गुंडाळून ठेवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर स्वयंपाकघरात करता येतं. चांदीचं एक जुनं, साधं नाणं घ्या. अर्ध्या भागाला बिनरंगी नेलपॉलिश लावा, नीट वाळू द्या. पॉलिश लावलेल्या भागात सुईनं एकच रेघ ओढा, खालची चांदी दिसेल इतकी. अंडं कडक उकडून पिवळा बलक कुस्करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात नाण्याशेजारी ठेवा. नाण्याला चिकटवू नका. काही तासांत उघडा भाग पिवळट-तपकिरी होऊ लागेल, पॉलिशचा भाग तसाच राहील, आणि त्या पांढऱ्या भागावर सुईची रेघ तपकिरी दोऱ्यासारखी उमटेल. तुमच्या करंड्याचं पूर्ण चरित्र त्या एका रेघेत आहे. (नेलपॉलिश नंतर रिमूव्हरनं काढा. डबा बाहेर गॅलरीत उघडा, नाहीतर घरचे जेवायला उठणार नाहीत.)

तुम्ही काय करायचं? दंतमंजन, रांगोळी, राख यांपैकी काहीही लावू नका. उरलासुरला थरही जाईल. मऊ सुती कापडानं पुसा. निरांजनावर काळं असेल तर ते आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन बघा. तुपाच्या वातीची काजळी असेल तर निघेल, ते सल्फाइड नव्हे. आणि रेघा फारच डोळ्यात आल्या तर थर पूर्ण उतरवून, पॉलिश करून नव्यानं रोडियम चढवावं लागतं. काळ्यावरच नवा थर मारून देणारे भेटतात. त्यांना काम देऊ नका.

प्रश्न : मग चांदीला वरून पारदर्शक लॅकर मारावं का? मी घरच्या अत्तरदाणी-गुलाबदाणीला मारायचा विचार करतोय. (एक वाचक, नाशिक)

मारा, पण आधी माझी फजिती ऐका.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंच्या चांदीच्या तांब्याला मी कारखान्यातलं लॅकर मारून आणलं. मोठ्या ऐटीत. सहा महिन्यांनी तांब्यावर अंगठ्याचा ठसा उमटला, काळा, रेषान् रेषा दिसतील असा. सासूबाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, "अगं, आता चोर सापडला तरी पोलिसांना वेगळा ठसा घ्यायला नको." ठसा माझाच होता. लॅकर मारण्याआधी मी तांब्या उघड्या हातानं धरला होता. बोटांचा घाम, तेल, क्षार लॅकरखाली कोंडले गेले. त्यावर लॅकर नीट धरलंच नाही, आणि पहिली वाट तिथूनच पडली.

लॅकर म्हणजे बंद दार नाही, हे आधी मान्य करावं लागतं. ते प्लास्टिकसारखं पडद्याचं काम करतं: वायू आणि वाफ त्यातूनही झिरपतात, फक्त फार हळू. जिथे थर सलग आणि जाड, तिथे वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ओलं लॅकर टोकदार कडेवरून मागे सरकतं, पृष्ठताणामुळे. म्हणून गुलाबदाणीच्या जाळीच्या कडा, फुलाच्या पाकळ्यांची टोकं इथे थर सर्वांत पातळ राहतो, आणि खोलगट भागात मात्र त्याची तळी साचतात. काळं पडणं कडांवरून सुरू होतं. शिवाय विनालॅकरची चांदी सगळीकडे सारखी काळवंडते, ती बघायला तरी बरी दिसते. खराब लॅकरची चांदी मात्र कोड आल्यासारखी होते. अर्धवट लॅकर न मारलेलंच बरं, हे माझं मत मी कारखान्यातही बदललं नाही.

संग्रहालयांनाही हेच दुखणं. तिथे चांदीवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर बरीच वर्षं वापरलं जातं, म्हणजे साधारण नेलपॉलिशचाच भाऊ, आणि ठरावीक वर्षांनी ते उतरवून पुन्हा मारावं लागतं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स आर्ट म्युझियमनं मेरीलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर एक निराळा प्रयोग केला. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर, अणूंच्या एकेका रांगेनं, वायूतून वस्तूवर बसवायचा. जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्याही हजाराव्या भागांत. वायू जाळीच्या आतल्या कडेलाही सारखाच पोचतो, त्यामुळे लॅकरसारखी तळी साचत नाहीत आणि कडा उघड्या पडत नाहीत. आपल्या गुलाबदाणीसाठी हे परवडायचं नाही, पण कल्पना बघून माझ्यातल्या प्लेटिंगवालीला हेवा वाटला.

आता मला स्वतःला सर्वांत आवडणारा उपाय. चांदीवर बसून गंधकाला अडवणारा एक थर असा आहे की तो स्वतःच गंधकाचा आहे. काट्यानं काटा काढणं आपण बोलतो, इथे ते रसायनात दिसतं. थायॉल नावाची लांब शेपटीची संयुगं असतात. डोक्याशी गंधकाचा एक अणू, मागे सोळा-अठरा कार्बनची मेणासारखी शेपटी. स्वच्छ चांदी त्यांच्या द्रावणात बुडवली की गंधकाची डोकी चांदीला घट्ट धरतात आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला, शेतातल्या ज्वारीसारख्या दाटीनं उभ्या राहतात. एका रेणूइतकाच थर, जाडी साधारण २ नॅनोमीटर. पाणी शेपट्यांवरून निसटतं, ओल चांदीपर्यंत पोचत नाही, आणि बाहेरून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला बसायला जागा उरत नाही. जागा आधीच आरक्षित! मग याच थायॉलचं गंधक चांदी काळी का करत नाही? कारण ते शेपटीला बांधलेलं असतं आणि पृष्ठभागावर एकच ओळ भरते. ती भरली की क्रिया थांबते. सुटं सल्फाइड मात्र थर वाढवतच नेतं.

बाजारात अँटी-टार्निश डिप म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ द्रावणांत हेच तत्त्व असतं. थर डोळ्याला दिसत नाही, चांदीचा रंग बदलत नाही. मात्र रोज हाताळण्याच्या, घासण्याच्या वस्तूवर तो टिकत नाही. तुमची अत्तरदाणी लग्नसमारंभालाच निघत असणार, तिच्यासाठी लॅकरपेक्षा मी हेच सुचवेन. आधी पूर्ण स्वच्छ करा, हातमोजे घाला, बुडवा, धुवा, वाळवा आणि घट्ट चेन लागणाऱ्या पिशवीत ठेवा. पिशवीत शाळेचा खडू टाकण्याची पद्धत आहे, चालेल, थोडी ओल धरतो. आपल्याकडचे खडू बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे. नावात गंधक आलं म्हणून दचकू नका. सल्फेटमधलं गंधक ऑक्सिजनमध्ये चारी बाजूंनी गुरफटलेलं असतं, ते चांदीच्या वाटेला जात नाही.

प्रश्न : माझे पैंजण पायात असताना काळे पडतात, जावेचे पडत नाहीत. अंगात उष्णता जास्त आहे असं सगळे म्हणतात. (एक वाचक भगिनी, परभणी)

उष्णतेचा संबंध नाही. घाम कमी-जास्त, घासणं कमी-जास्त, आणि पायाला लावलेली हेअर रिमूव्हर क्रीम किंवा गंधकाचं मलम, ही कारणं आधी तपासा. क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे गंधकाचंच संयुग असतं.

प्रश्न : ऑक्सिडाइज्ड चांदीचा नेकलेस घेतला. घरी आल्यावर चांदी साफ करण्याच्या द्रावणात बुडवला आणि सगळी काळी नक्षी उडाली! आता पांढराफटक दिसतोय. काळा परत येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

येईल. आणि तुम्ही एकट्या नाही, हे पत्र मला दरवर्षी येतं.

"ऑक्सिडाइज्ड" हे नावच चुकीचं पडलंय. त्यात ऑक्साइड नसतंच. तो काळा रंग म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, जो बाकी सगळे घालवायला बघतात तोच. कारागीर पोटॅशियमच्या पॉलिसल्फाइडचं, पिवळट-तपकिरी खड्यांचं गरम द्रावण करतात आणि दागिना त्यात बुडवतात. हुपरीला आमच्या अंगणात हे चालायचं तेव्हा शेजारची काकू पदर नाकाला लावून ओरडायची, "परत अंडी नासली का गं तुमची?" मिनिटभरात चांदी काळीभोर. मग उंच भाग घासून पांढरे करायचे आणि खोलातला काळा तसाच ठेवायचा. त्यामुळे नक्षी उठून दिसते. चांगला कारागीर शेवटी वरून पातळ लॅकर मारतो. इथे मात्र लॅकरचं काम उलटं असतं, आतलं सल्फाइड घासून जाऊ नये म्हणून ते सांभाळायचं.

तुमच्या द्रावणात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल होतं. ते सल्फाइडच विरघळवतं, त्याला नको असलेला काळा आणि मुद्दाम केलेला काळा यातला फरक कळत नाही. शिवाय थायोयुरियाशी उघड्या हातानं फार सलगी नको. हातमोजे आणि खिडकी उघडी. नेकलेस एखाद्या चांदीच्या कारागिराकडे द्या, दहा मिनिटांचं काम आहे. घरी अंड्याचा प्रयोग करून काळा करता येईल का? करता येईल, पण डागाळ होईल, आणि मणी-मोती असतील तर त्यांचं काही सांगता येत नाही.

प्रश्न : ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं चांदी स्वच्छ होते असं वाचलं. माझ्या एका वाटीवर जादू झाली, दुसरी जशीच्या तशी. दोन्ही एकाच पातेल्यात होत्या. (एक वाचक, मुलुंड)

दुसऱ्या वाटीला बहुधा लॅकर आहे. उत्तर एवढंच, पण जरा समजावून सांगते, कारण थर जशी गंधकाची येण्याची वाट अडवतो तशी जाण्याचीही अडवतो, हे इथे सुंदर दिसतं.

या युक्तीत घासणं नसतं. ॲल्युमिनियम स्वतः झिजतं आणि आपले इलेक्ट्रॉन चांदीला देतं. सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होऊन जागच्या जागी बसते आणि गंधक सुटून पाण्यात जातं. पातेल्यावर वाकलात तर अंड्याचा तोच वास येईल. चांदीचा कणही वाया जात नाही, म्हणून ही रीत मला पावडरीपेक्षा आवडते. पण अट एक: फॉइल आणि चांदी एकमेकांना टेकली पाहिजेत, धातूला धातू. लॅकर मध्ये आलं की ती वीजच वाहत नाही. दुसऱ्या वाटीवर कापसानं थोडा ॲसिटोन फिरवून बघा, कापूस चिकट झाला तर लॅकर. पूर्ण उतरवा आणि मग पातेल्यात टाका. खडे, मोती बसवलेल्या किंवा ऑक्सिडाइज्ड वस्तू या पाण्यात कधीही नको; वरच्या विद्यार्थिनीला विचारा.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. एसीचं कॉइल दोन वर्षांत काळं ठिक्कर, दोनदा गॅस गळला. मेकॅनिक म्हणतो निळ्या कोटिंगचं घ्या. उपयोग होईल? (एक वाचक, नवी मुंबई)

हे चांदीचं पत्र नाही, पण गंधक तेच आणि प्रश्न थराचाच, म्हणून घेतलं.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा येणारा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तांब्याच्या नळीवर त्याचं काळं कॉपर सल्फाइड होतं. चांदीवरचा थर निदान घट्ट बसतो. तांब्यावरचा जाड झाला की खपल्या धरतो, सुटतो आणि खालचं नवं तांबं उघडं पडतं.

निळा थर असतो तो ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांवर. त्याचं एक काम पंखांचं रक्षण, दुसरं पाणी थेंब न धरता सरळ घसरून जाऊ देणं. पण कॉइलच्या टोकाला, जिथे तांब्याच्या नळ्या इंग्रजी 'यू'सारख्या वळतात आणि झाळलेले सांधे असतात, तिथे बघा. बहुतेक ठिकाणी तांबं उघडंच. मेकॅनिकला निळ्याबद्दल नको, या वळणांबद्दल विचारा. पूर्ण कॉइल, सांध्यांसकट, इपॉक्सीत बुडवून किंवा फवारून देणारे असतात. खाडीकाठी पैसे तिथे घालवावेत.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. गळती काळ्या थरामुळेच झाली असं नाही. घरातल्या प्लायवूडमधून, काही चिकट पदार्थांतून फॉर्मिक आम्लाची वाफ येते आणि ती तांब्यात वेड्यावाकड्या बारीक बोगद्यांचं जाळं पोखरते. या गंजाला इंग्रजीत मुंग्यांच्या वारुळाचं नाव आहे, कारण कापून पाहिलं तर तसा दिसतो. आणि फॉर्मिक आम्लाचं नावही लॅटिन मुंगीवरूनच आलंय. दोन्ही नावं एकमेकांशी काही न बोलता मुंगीपाशी पोचली, मला याची फार मौज वाटते.

हवा तपासायची सोपी रीत सांगते. मोठमोठ्या कॉम्प्युटर सर्व्हरच्या खोल्यांत तांब्याच्या आणि चांदीच्या घासलेल्या पट्ट्या ३० दिवस टांगून ठेवतात आणि त्यांवर चढलेला थर मोजतात. तांब्यावर महिन्याला ३०० आँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे ३० नॅनोमीटरपेक्षा कमी चढला तर हवा सौम्य धरतात. तुम्हाला मोजता येणार नाही, पण बघता येईल. तांब्याची पट्टी बारीक पॉलिशपेपरनं घासून, बोट न लावता, कॉइलजवळ महिनाभर लटकवा. नुसती लालसर-तपकिरी झाली तर ठीक. निळी-काळी झाली तर इपॉक्सीचा खर्च काढाच. त्या काळ्या पट्टीला चिंच लावून बघा. चिंचेनं लगेच उजळली तर तो ऑक्साइडचा थर होता. सल्फाइड चिंचेला तसं दाद देत नाही. समई-ताम्हणावरचे जे काळे ठिपके चिंचेनं जात नाहीत, तेही हेच.

प्रश्न : मटारचा डबा उघडला तर आतून पत्र्यावर जांभळट-काळे ढग. मटार फेकून दिले. बरोबर केलं का? दुसऱ्या कंपनीच्या मक्याच्या डब्यात मात्र आतून पांढरट लेप होता आणि डाग एकही नव्हता. (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

डबा फुगलेला नव्हता, गळत नव्हता, वास नेहमीचा होता, तर मटार खाता आले असते. डब्याचा पत्रा पोलादाचा, आतून कथलाचा मुलामा. आपली कलईच, फक्त विजेनं चढवलेली. मटार, मासे, मका, मटण यांच्या प्रथिनांत गंधक असतं, आणि डबा बंद करून उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापवला की ते सुटतं. कथलावर जांभळट-काळा टिन सल्फाइडचा ढग उमटतो. कथील खरवडलं असेल तिथे खालच्या लोखंडाचं काळं सल्फाइड. दिसायला वाईट, पण अन्न बिघडल्याची ती खूण नव्हे.

मक्याच्या डब्यातला पांढरट लेप ही मात्र हुशारी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत मक्याच्या डब्यांसाठीच ती निघाली. आतल्या लॅकरमध्ये झिंक ऑक्साइड मिसळायचं. मक्यातून सुटलेलं गंधक लॅकरमधून कथलाकडे निघालं की वाटेतच जस्त त्याला धरतं आणि झिंक सल्फाइड होतं. ते पांढरं असतं! डाग पडतोच, पांढऱ्यात पांढरा मिसळून जातो, म्हणून दिसत नाही. रोडियम गंधकाला अडवतो, थायॉल त्याची जागा आधीच बळकावतो, आणि हा लेप त्याला आत घेऊन गप्प बसवतो. तिघांत मला हाच जास्त समंजस वाटतो, तो भाग वेगळा.

आंबट पदार्थांना, म्हणजे टोमॅटो किंवा अननसाला हा जस्ताचा लेप वापरत नाहीत, आम्लात जस्त विरघळतं. त्यामुळे मक्याचा रिकामा डबा धुऊन त्यात कैरीचं लोणचं भरायचा विचार असेल, तर बरणीच घ्या.